जामीन कोण?

२०२५च्या एप्रिलमधली गोष्ट. ईद होऊन दोनेक आठवडे झाले होते. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा वेळी माझ्या खालाची मुलगी घरी आली. आम्ही सगळे तिला बाजी म्हणतो. हातात प्लास्टिकची फाईल होती. पाणी पिण्याआधीच ती फाईल माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "देख जरा, इसमें क्या कम है?"

बाजी वीस वर्षांपासून घरी शिवणकाम करते. आधी बुरखे आणि सलवार-कुर्ते शिवायची, आता शाळांचे गणवेश. २०२४मध्ये राज्य सरकारने 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड एकाच ठिकाणाहून घेतलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे दिली. गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, खूप ओरड झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. मी शिक्षिका असल्याने हे सगळं जवळून पाहिलं. बाजीने ते माझ्याकडून ऐकलं आणि दोन-तीन शाळांशी बोलून आली. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हातात दोन महिने. घरच्या पायमशीनवर हे काम होणार नव्हतं. दोन ज्युकी, एक ओव्हरलॉक आणि कापडासाठी थोडे पैसे, असा तिचा हिशेब एक लाख ऐंशी हजारांवर गेला.

फाईलमध्ये आधार होतं, पॅन होतं, उद्यम नोंदणीचा कागद होता, मशीनवाल्याचं कोटेशन होतं, बँकेचं पासबुक होतं. काही कमी नव्हतं. फक्त अर्जाच्या शेवटच्या पानावर बँकेतल्या बाबूने पेन्सिलीने एक खूण केली होती आणि तोंडी सांगितलं होतं, "एखादा नोकरदार जामीनदार आणा, मग बघू."

बाजीने माझ्याकडे का आणली फाईल, हे मला तेव्हा कळलं. आमच्या खानदानात पगाराची स्लिप असलेली बाई मी एकटीच आहे.

मी लगेच हो म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते पुढे सांगते. पण तो शब्द डोक्यात बसला. जामीन. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मला अशा शब्दांचा नाद आहे. जामीन हा अरबी 'ज़ामिन', जिम्मा घेणारा. कर्ज अरबी, रक्कम अरबी, वसूल, बाकी, जमा, हिशेब हेही अरबी. हप्ता फारसी, सातवर मोजलेला आठवडा. मराठी माणूस पैशाच्या व्यवहाराला बसला की त्याच्या तोंडून निम्मे शब्द आमच्या मदरशातले निघतात, आणि त्याचा त्याला पत्ता नसतो. तारण मात्र अस्सल इथलं. तारणारं ते तारण. मी मुलांना गंमत म्हणून सांगते की तारण म्हणजे वस्तू आणि जामीन म्हणजे माणूस. सावकार असो की बँक, दोन्हींपैकी एक मागतेच. आणि बाईजवळ बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

निदान नसतं असं मानलं जातं. आपल्या घराण्यांतून हजरत खदीजा (र.अ.) यांचं नाव किती अदबीने घेतलं जातं. पण त्या व्यापारी होत्या, भांडवल त्यांचं होतं आणि माल घेऊन शामला जाणारी माणसं नफ्यातल्या हिश्श्यावर त्यांच्यासाठी काम करत, हे किती मुलींना सांगितलं जातं? पैगंबर (स.) त्यांच्या आयुष्यात आले ते असा माल घेऊन जाणारे विश्वासू तरुण म्हणून. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफा वाटून घ्यायचा, या व्यवहाराला पुढे मुजारबत म्हटलं गेलं. तेव्हा पैसा लावणारी बाई होती.

मेहर हाही बाईचा स्वतःचा पैसा. लग्नानंतरही तिची मालमत्ता तिचीच राहते, नवऱ्यात विलीन होत नाही. इंग्लंडमध्ये हे व्हायला १८८२चा कायदा यावा लागला. त्याआधी लग्न झालं की बाईची मालमत्ता बहुतेक नवऱ्याची होई. या गोष्टीचा आपल्याकडे मोठा अभिमान मिरवला जातो. माझं म्हणणं इतकंच की तो अभिमान निकाहनाम्यातल्या आकड्याजवळ येऊन थांबतो. आमच्याकडे आजही मेहर शेकड्यांत किंवा दोन-चार हजारांत लिहिला जातो, आणि तोही 'माफ' करवून घेतला जातो. भावांकडे वारशाचा हिस्सा मागणारी बहीण मोहल्ल्यात महिनाभर चर्चेचा विषय होते. हक्क किताबात आहे, तारण मात्र कपाटात नाही.

उरतं ते सोनं. बाईचं पहिलं भांडवल तिच्या अंगावरच असतं. ते मोडलं की दुकान, नाही मोडलं तर काही नाही.

अंगावरच्या सोन्याशिवाय बाईच्या हातात उधारीने काही आलं असेल, तर माझ्या मते ते शिलाई मशीन. अमेरिकेतल्या सिंगर कंपनीने १८५६मध्ये मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. कल्पना एडवर्ड क्लार्क नावाच्या भागीदाराची. मशीन आज घरी न्या, पैसे थोडे थोडे द्या. हप्ते थांबले तर मशीन परत. यात तारण कोणतं? तर मशीनच. बाईकडे जमीन हवी, सोनं हवं, असं काही नाही. १८७०च्या दशकात ही मशीन हिंदुस्थानात आली आणि तिचा इथला पसारा वाढवणारा एजंट पारशी होता, पटेल आडनावाचा. १९३०च्या दशकात कलकत्त्याला उषा मशीन बनू लागली आणि मग ती घराघरात गेली. जहेजच्या यादीत मशीन का असते याचा विचार मी बरीच वर्षं केला नव्हता. जहेजचं समर्थन मी करणार नाही. पण त्या यादीत बहुधा हीच एक वस्तू होती जी मुलीला कमवून देऊ शकत होती.

आमच्या अम्मीची मशीन उषाच, काळी, सोनेरी अक्षरांची. १९८६च्या सुमाराला सीताबर्डीच्या एका दुकानातून हप्त्यांवर आणलेली. हप्ते अम्मीने फेडले, शेजारणींचे ब्लाऊज शिवून. दुकानाचं कार्ड मात्र अब्बांच्या नावाचं, कारण अब्बांना नोकरी होती. ते कार्ड मी नुकतंच पुन्हा पाहिलं. सगळ्या हप्त्यांसमोर अब्बांच्या सह्या आहेत. अम्मीचं नाव कुठेच नाही.

नागपुरात बाईला काम नव्हतं असं मात्र नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७च्या पहिल्या दिवशी सुरू झाली आणि शंभराहून जास्त वर्षं चालली. मोमिनपुऱ्यात आणि कामठीला आमच्या मोमिन विणकरांच्या घरी हातमाग पुरुष चालवायचे आणि कांड्या भरायचं काम बायका-पोरींचं. ते घरकामात मोजलं जाई. पलीकडे भंडारा-गोंदियाकडे विड्या वळणाऱ्या बायका. म्हणजे मजुरी होती, कसबही होतं. माग नवऱ्याचा, तेंदूपान ठेकेदाराचं, सूत शेठचं. बाईच्या नावाने भांडवल कुठेच नव्हतं.

म्हणून मला मुंबईच्या गिरगावातली ती ऐंशी रुपयांची गोष्ट मोठी वाटते. १५ मार्च १९५९. जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पैसे कुठून आले? सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून ८० रुपये उसने. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पुढे तिचं नाव लिज्जत झालं. १९६६मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली आणि खेळतं भांडवल म्हणून आठ लाख रुपये मिळाले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर पाहून आमच्या शिक्षकांच्या खोलीतही टाळ्या पडल्या.

या गोष्टीत लोक पापड बघतात, मी दोन गोष्टी बघते. पहिली, छगनबाप्पांनी कुणाचा नवरा सहीला बोलावल्याचं ऐकिवात नाही. दुसरी, या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. उसने घ्यायचे आणि परत करायचे. दान आणि कर्ज यांतला फरक त्यांना कळत होता. आमच्याकडच्या कित्येक भल्या संस्थांना तो अजून कळत नाही. रमजानमध्ये विधवांना मशीन वाटतात, फोटो काढतात, पुढच्या रमजानपर्यंत मशीन कुठे आहे कुणी विचारत नाही. ज्या बाईला मशीन हवी होती तिला कदाचित धागा आणि कापड घ्यायला पाच हजारच हवे असतील, पण ते कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो येत नाही.

१९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँकेचा दरवाजा कागदावर तरी सगळ्यांना उघडला. १९७४-७५ ही दोन वर्षं बघा. १९७४मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भाग घालून स्वतःची सहकारी बँक काढली. भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, त्यांत मुसलमान बायकाही पुष्कळ. नोंदणीला अडचण आली की यांना सही येत नाही, तेव्हा रात्रभर बसून त्या आपलं नाव लिहायला शिकल्या. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक निघाली. आणि १९७५मध्ये दोन गोष्टी झाल्या. २४ फेब्रुवारीला राज्य सरकारने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, काढलं. आणि मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात उतरलेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. गिरणगावात खोली-खोलीतून बायका गिरणी कामगारांना जेवण घालत. खाणावळ म्हणायचं, पण पाटी नाही, परवाना नाही. कामगारांचा संप झाला की पगार बंद; पण जेवण बंद करता येत नाही. मग या बायका दागिने गहाण टाकून, सावकाराकडून पैसे उचलून चूल पेटती ठेवत. प्रेमाताईंनी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेत नेलं. पहिल्या तुकडीत १४ बायका होत्या. तारण काय? काहीच नाही. जामीन? एकमेकी. हिच्या हप्त्याला ती जबाबदार, तिच्या हप्त्याला ही.

शेजारच्या बांगलादेशात पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, प्रोफेसर मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात ४२ माणसांना मिळून २७ डॉलर खिशातून दिले आणि त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. जगाला ते माहीत आहे. लालबाग-परळच्या खाणावळवाल्या जगाला कमी माहीत आहेत, मराठी माणसालाही कमीच.

आणि कुणाला वाटत असेल की ही सगळी मागासलेल्या देशांची रड आहे, तर अमेरिकेत कर्ज देताना बाई म्हणून भेद करायचा नाही हा कायदा १९७४चा. त्यानंतरही काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज घ्यायचं तर घरातल्या पुरुषाची सही लागे; ती अट १९८८च्या कायद्याने गेली. १९८८! म्हणजे अम्मीच्या उषा मशीनच्या कार्डावर अब्बांच्या सह्या पडत होत्या, तेव्हा तिकडेही फार वेगळं नव्हतं.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट तर मी दहावीच्या मुलींना दरवर्षी सांगते. चेतना गाला सिन्हा यांच्याकडे एक लोहारकाम करणारी बाई आली. तिला कर्ज नको होतं, बचत करायची होती. पावसाच्या आधी झोपडीवर प्लास्टिक घ्यायचं होतं. बँका तिचं खातं उघडत नव्हत्या, इतकी छोटी रक्कम त्यांना परवडत नव्हती. म्हणून बायकांचीच बँक काढायची ठरली. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तकांपैकी बऱ्याचजणी अंगठेबहाद्दर. बायका शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. साहेबांना म्हणाल्या, लिहिता येत नाही म्हणून नाकारलंत, पण कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आमच्या वर्गातल्या मुली इथे हमखास हसतात, कारण प्रत्येकीच्या घरी अशी एक नानी असते जिला सही येत नाही पण दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब पाठ असतो.

नाबार्डने १९९२मध्ये बचत गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला, आणि पुढे महाराष्ट्रात बचत गट हा शब्द गावोगाव झाला. त्यावर खूप लिहिलं गेलंय. मी त्याची दुसरी बाजू तेवढी सांगते, कारण ती आमच्या शहरात घडली. बचत गटाच्या मागून खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. त्यांनीही गट केले, त्यांनीही एकमेकींना जामीन केलं. पण गटाला बचत नव्हती, फक्त कर्ज होतं. दर आठवड्याला वसुलीवाला येणार, एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि विदर्भातल्या कितीतरी जिल्ह्यांत ही वसुली कोसळली. कर्ज माफ होणार म्हणून अफवा उठल्या, मोर्चे निघाले. आमच्या गल्लीत दोघी शेजारणी त्या हप्त्यांवरून अशा भांडल्या की आजही ईदला एकमेकींच्या घरी शीरखुर्मा जात नाही. अन्नपूर्णात जी गोष्ट आधार होती, तीच इथे गळफास झाली. फरक कसला? मला वाटतं, तिथे बायका आधी एकमेकींना ओळखत होत्या आणि नंतर जामीन झाल्या. इथे आधी सही झाली.

आता आपला, म्हणजे मुसलमान बाईचा, वेगळा प्रश्न. तो दोन पदरी आहे.

एक, पत्ता. २००६च्या सच्चर अहवालात हे नोंदलं आहे की काही बँकांनी विशिष्ट वस्त्यांना कर्जाच्या दृष्टीने नकोसे भाग ठरवलं होतं. प्राधान्य क्षेत्राच्या कर्जांत मुसलमानांची खाती बारा टक्क्यांच्या आसपास, पण येणे असलेल्या कर्जाच्या रकमेत वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे खातं आहे, पण हातात पडतं ते थोडं. कर्जाच्या रांगेत आमची माणसं होती, फक्त खिडकीजवळ आल्यावर रक्कम लहान होत गेली. अल्पसंख्याकांसाठी केंद्राचं महामंडळ १९९४मध्ये आणि राज्याचं मौलाना आझाद महामंडळ २०००मध्ये निघालं. त्यांतून काही घरं उभी राहिली, मी दोन-तीन बघितली आहेत. पण अशा योजनांतही शेवटी तोच रकाना येतो, जामीनदाराचा.

दुसरा पदर व्याजाचा. बाजीला कर्ज हवं होतं आणि व्याज नको होतं. यावर हसू नका. बाजी पाच वक्ताची नमाजी आहे आणि तिच्या मनात ही गोष्ट खरीच सलते. मी तिला म्हटलं की बचत खात्यावर येणारं व्याज तू गरिबाला देऊन टाकतेस, तसं देण्याच्या व्याजाचं करता येत नाही, हे खरंय. मग काय करायचं? १९७६मध्ये मुंबईत बैतुन्नस्र नावाची बिनव्याजी पतसंस्था निघाली होती आणि बरीच वर्षं चालली. उत्तर प्रदेशात मुस्लिम फंड सोनं ठेवून बिनव्याजी पैसे देतात, खर्चापुरतं शुल्क घेऊन. रघुराम राजन यांच्या समितीने २००८मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हा विषय पुढे नेणार नाही. बायकांसाठी म्हणून २०१३च्या नोव्हेंबरात निघालेली भारतीय महिला बँकही त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. साडेतीन वर्षं. एखादं बूड टेकायलाही तेवढा वेळ लागतो.

तर बाजीसमोर रस्ते असे: व्याज घेणारी बँक, किंवा आठवड्याला दारात येणारा वसुलीवाला, किंवा बीसी.

बीसीबद्दल इथे दोन शब्द लिहितेच, कारण मराठी लेखांत भिशी म्हटलं की किटी पार्टीचं चित्र येतं. आमच्या मोहल्ल्यातली बीसी वेगळी. बाजीच्या बीसीत बारा बायका आहेत, महिन्याला पाच-पाच हजार. साठ हजारांची रक्कम दर महिन्याला चिठ्ठी काढून एकीला. बोलीची बीसीही असते. ज्याला घाई तो कमी रकमेवर उचलतो आणि उरलेलं बाकीचे वाटून घेतात. बाजी त्यात जात नाही, म्हणते ते व्याजच झालं, फक्त नाव बदललं. चिठ्ठीच्या बीसीत नफा नाही, तोटा नाही, फक्त पाळी आहे. पंधरा वर्षांत बाजीचा एकही हप्ता चुकलेला नाही. कोविडच्या वर्षातही नाही, तेव्हा तिने मास्क शिवून भरले.

आणि सिबिलवर बाजीचा स्कोअर? उणे एक. म्हणजे काहीच नाही. तिने आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही, म्हणून तिची पत नाही. नवऱ्याचा स्कोअर आहे, पण एका मोटारसायकलच्या हप्त्यांनी तो बिघडवून ठेवलाय. पंधरा वर्षांच्या बीसीची वही बँकेला दिसत नाही. कुणी दाखवली तरी ते बघणार नाहीत, कारण त्यावर शिक्का नाही.

मला इथे कुरआनातली सर्वांत लांब आयत आठवते. ती सूरह बकरातली आहे, आणि ती नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. देणंघेणं लहान असो की मोठं, लिहून ठेवा. बाजीच्या बीसीची वही तशीच आहे: तारीख, नाव, रक्कम, पुढे सही किंवा अंगठा.

आता माझं. मी दोन दिवस बाजीचा फोन घेतला नाही. घराच्या कर्जाचे माझे हप्ते चालू आहेत. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, बहीण आहे म्हणून दहा हजार हातात दे, पण सही देऊ नकोस. हाच सल्ला मी दुसऱ्या कुणाला दिला असता. पण मी वर्गात अबू कतादा (र.अ.) यांची गोष्ट सांगत आले आहे. एक जनाजा आणला गेला, पैगंबरांनी (स.) विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? आहे म्हटल्यावर ते म्हणाले, तुम्हीच नमाज पढा. अबू कतादा म्हणाले, त्याचं देणं माझ्यावर. मग नमाज झाली. मुलांना ही गोष्ट मी कर्ज फेडण्याच्या सक्तीसाठी सांगते. त्यात जामीन होणारा एक माणूसही उभा आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी दिसलं. लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी पगाराच्या तीन स्लिपा घेऊन मी बाजीसोबत बँकेत गेले. बाबू बदललेला होता. नव्याने, तरुण मुलगी होती, फाईल चाळून विचारलं, "मुद्राचा अर्ज आहे ना हा? मग जामीनदार कशाला?" २०१५मध्ये मुद्रा योजना आली तेव्हापासून तारण मागायचं नाही असं आहे, आणि छोट्या उद्योगांना दहा लाखांपर्यंत तारण मागू नये ही रिझर्व्ह बँकेची सूचना तर २०१०ची. मला हे माहीत असायला हवं होतं. आधीच्या बाबूला तर नक्कीच. तिने जामीनदाराच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

पण रक्कम कापली. एक लाख ऐंशीच्या जागी नव्वद हजार. पहिलंच कर्ज आहे, असं कारण. बाजी पायऱ्या उतरताना गप्प होती. व्याज किती होईल ते मी तिला कागदावर काढून दिलं. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्याबद्दल तिने कुणाला विचारलं, काय ठरवलं, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

त्या महिन्याची बीसी दुसऱ्या एकीला निघाली होती. तिला मुलाची फी भरायची होती. तरी तिने चिठ्ठी बाजीला दिली आणि स्वतः बाजीच्या पाळीवर, दिवाळीच्या महिन्यावर, गेली. फी तिने भावाकडून आणली. हे असं फोनवर पाच मिनिटांत ठरलं. कापडाचं काम राहिलं होतं. गांधीबागेतल्या ज्या व्यापाऱ्याकडून बाजी वर्षानुवर्षं अस्तर आणते, त्याने महिन्याच्या उधारीवर थान दिले. त्यानेही आधी विचारलंच, घरी कोण कमावतं? बाजी म्हणाली, मी.

दोनऐवजी एक ज्युकी आली, आणि ओव्हरलॉक. दुसऱ्या ज्युकीच्या जागी अम्मीची उषा आमच्या घरून रिक्षात घालून नेली. तिच्यावर काजं होत नाहीत, पण सरळ शिलाई आजही नीट पडते. जूनमध्ये एका रविवारी मी बटणं लावायला गेले. शर्टाला सहा. माझे दोन शर्ट बाजीने उसवून परत केले.

बीसीतली एक बाई जुलैत मुलीकडे पुण्याला राहायला गेली. तिच्या जागी आता मी आहे. माझी पाळी मार्चमध्ये.